तारखेची कोरी जागा

त्या सकाळी थोरली सून नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रे कातरत बसली होती. सासऱ्यांचे नाव दिसले की बातमी कातरायची, वहीत चिकटवायची आणि डोळ्यांनी अधू झालेल्या त्या वृद्धाला वाचून दाखवायची. नवरा गेल्यापासून सहा वर्षे हे काम तिच्याकडे होते.

सासऱ्यांना सारा प्रांत ‘तोफ’ म्हणे. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा हा माणूस तीनदा पडला, चौथ्यांदा निवडून आला आणि पुढे पंचवीस वर्षे विरोधी बाकावरून हलला नाही. मंत्रिपद दोनदा दारात आले, दोनदा त्याने दार लावून घेतले. विधवेला सासरच्या घरात वाटा मिळावा म्हणून सभागृहात सात तास उभा राहून बोलला आणि तो कायदा करून घेतलाच.

पण घरात? पाहुणे आले की विधवा सून आतल्या खोलीत. नणंदेच्या लग्नात सगळ्यांचा फोटो निघाला, तेव्हा “जरा पाण्याचं बघतेस का?” म्हणत सासूबाईंनी तिला अलगद बाजूला काढले. ज्या देवाने तिला घडवले त्याला ती अमंगळ वाटली नाही. आपल्याला मात्र वाटते!

आणि आता तिचाच फोटो भिंतीभिंतीवर लागणार होता. तोफेची जागा यंदा स्त्रियांसाठी राखीव झाली होती.

धाकटा दीर पोस्टरची गुंडाळी घेऊन आला. “वहिनी, बघा तरी! मान खाली, हात जोडलेले. लोक ढसाढसा रडतील हो.”

“सभेत मी काय बोलायचं?”

“तुम्ही कशाला घसा कोरडा करताय? बोलायला मी आहे की. तुम्ही नुसत्या दिसा.” त्याने एक कागद पुढे सरकवला. “आणि इथं सही.”

कागदावर छापले होते, ‘मी स्वेच्छेने सदस्यत्वाचा राजीनामा देत आहे.’ तारखेची जागा कोरी होती.

एका वर्षी पक्षाचे तिघे जण सत्तेच्या लोभाने पलीकडे गेले, तेव्हापासून तोफ प्रत्येक उमेदवाराकडून असा कागद आधीच घेऊन कपाटात ठेवी. हेतू चांगला होता. पण कपाट उघडले गेले ते दोनदाच, आणि दोन्ही वेळा बाईला काढण्यासाठी.

सून उठून सासऱ्यांच्या आरामखुर्चीजवळ गेली. “अण्णा, मागच्या खेपेला आपल्या पक्षातून निवडून आलेल्या नर्सबाई आठवतात?”

“त्यांचं काय?”

“दवाखान्यात इंजेक्शनं का नाहीत, असं त्यांनी तुम्हाला न विचारता सभागृहात विचारलं. ठेकेदार आपला देणगीदार निघाला. आठवड्यात त्यांचा राजीनामा गेला. तुम्हाला दिसत नव्हतं, म्हणून त्यावर तारीख मी घातली. परवा बाजारात भेटल्या. रागावल्या नाहीत. ‘अक्षर छान आहे हो तुमचं’, एवढंच म्हणाल्या.” “त्या दिवसापासून जेवण जात नाही मला.”

“हा पक्ष मी रक्ताचं पाणी करून उभा केलाय!” तोफ कडाडली.

“ठाऊक आहे. सत्तेपुढं मान तुकवायची नाही, हे तुमचंच भाषण मी तुम्हाला रोज वाचून दाखवते. पण अण्णा, या घरात सत्ता तुमची आहे. मग माझा बाक कुठला?”

दीर उसळला. “सही नाही तर तिकीट नाही! आणि आपण कोणाच्या घरात राहतो, तेही विसरू नका.”

“माझ्याही घरात, भाऊजी. अण्णांचाच कायदा आहे. वाचून दाखवू?”

तिने पेनाला टोपण लावले आणि बिनसहीचा कागद तिथेच सोडून चपला घातल्या.

अपक्ष उभे राहायला मतदारयादीतले दहा सूचक लागत. पहिली सही नर्सबाईंनी केली. धोबीण, शिवणकाम करणारी, शाळेतली शिपाईण असे करत नऊ झाले. दहावा सूचक, एक दुकानदार, दिराच्या धाकाने ऐन वेळी गावालाच गेला. शेवटचा दिवस, अर्ज द्यायला पाऊण तास उरलेला, आणि ती कचेरीच्या बाकावर एकटी.

तेवढ्यात धापा टाकत सासूबाई आल्या.

“कुठं करायची सही?”

सून बघतच राहिली. “आई, तुम्ही?”

“का? माझं नाव यादीत नाही? तीस वर्षं ह्यांच्या कार्यकर्त्यांना चहा केला. कोणाला मत देणार, असं एकानं विचारलं नाही मला.”

कारकून मिस्कीलपणे म्हणाला, “आजी, घरी विचारलंत का?”

“विचारलं नाही. सांगून आलेय.” त्यांनी सावकाश, एकेक अक्षर गिरवत सही केली. मग सुनेकडे न पाहता पुटपुटल्या, “त्या फोटोच्या दिवशी चुकलंच माझं. देव सगळं बघत होता गं.”

सुनेने त्यांचा हात घट्ट धरला.

अधिकाऱ्याने घड्याळाकडे पाहिले. उमेदवाराने शपथ घ्यायची असते. “उशीर झालाय, बाई. शपथ मी वाचतो, तुम्ही नुसतं हो म्हणा.”

“नको,” ती म्हणाली. “माझी मी म्हणते.”

ती उभी राहिली. पलीकडच्या टेबलांवरची टंकलेखन यंत्रे थांबली, दारातले लोक वळून पाहू लागले. आणि सासरच्या घरात सहा वर्षे कोणी ऐकला नव्हता, असा खणखणीत आवाज कचेरीभर घुमला :

“मी ईश्वरसाक्ष शपथ घेते की...”