चिंचेने घासलेला नंबर

मित्रांनो, माझं वय झालं आहे, पण मी अजून एकदाही बिघडलेलो नाही. माणसाला हे वाक्य छाती फुगवून बोलता येतं. मला येत नाही. माझ्या आयुष्यातलं सगळं दुःख या न बिघडण्यापासून सुरू झालं.

मी इडलीचं पीठ वाटणारा ग्राइंडर आहे. माझा जन्म कोइमतूरच्या एका कारखान्यात झाला. पोटात दगडी भांडं, भांड्यात फिरणारा दगड, खाली मोटार आणि छातीवर पितळेची पट्टी. त्या पट्टीवर इंग्रजी आकड्यांत माझा नंबर कोरला होता, ४७१८. फार खोल कोरला नव्हता. कोरणाऱ्याला बहुधा जेवायला जायची घाई होती. पण मला तो नंबर फार आवडायचा. तुम्हाला आईवडिलांनी नाव दिलं, तसा मला तो मिळाला होता.

सन १९८५च्या नवरात्रात मी कुंभकोणला महालिंगांच्या दुकानात उभा होतो. तिथे जयतीर्थराव आले. जवळच्या पापनाशम् स्टेशनात पार्सलं तोलायची नोकरी, कपाळावर गोपीचंदन आणि घरात तीनशे वर्षांपूर्वीचं मराठी. एकदा त्यांच्याकडे पुण्याचे पाहुणे आले होते. घरातलं बोलणं ऐकून ते म्हणाले, "तुम्ही बखरीतून बोलता की हो!" जयतीर्थरावांनी ती स्तुती समजून त्यांना आणखी एक इडली वाढली. मी मराठी याच घरात शिकलो. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

महालिंगांनी माझ्या पाठीवर थाप मारून, 'सर'चं तमिळ 'सार' करत सांगितलं, "सार, एक वर्षाची गॅरंटी कंपनी देतेच. वर थोडे पैसे भरलेत तर आणखी चार वर्षांची. आणि या काळात दुरुस्ती लागलीच नाही, तर वरचे पैसे कंपनी परत करते."

"म्हणजे बिघडला तरी फायदा, नाही बिघडला तरी फायदा?"

"तुमच्यासारख्या हिशेबी माणसाला मी काय सांगणार, सार?"

जयतीर्थराव खूश झाले. वरचे पैसे मात्र त्यांच्या खिशात नव्हते. ते घरी, वेंकटलक्ष्मीबाईंच्या डब्यात होते.

वेंकटलक्ष्मीबाई म्हणजे त्यांची बायको. लग्नात माहेराहून त्यांच्याबरोबर एक वीणा आली होती. मित्रांनो, वीणेचे पडदे मेणावर बसवलेले असतात. कुंभकोणच्या उन्हाळ्यांनी ते मेण खचलं आणि पडदे वाकडे झाले. तंजावरच्या कारागिराकडे नेऊन नवीन मेणावर पडदे बसवायचे, म्हणून बाईंनी पापड लाटून पैसे साठवले होते. ते माझ्या गॅरंटीत गेले. जयतीर्थराव म्हणाले, "पांच वर्षांत अवघे परत येतील. मग वीणा तंजावरला. हा माझा शब्द."

वीणा माझ्या शेजारी भिंतीला टेकून राहिली, गवसणी घालून. तिची दुरुस्ती राहिली, कारण माझ्या दुरुस्तीची सोय आधी झाली. आणि मला तर काहीच झालं नव्हतं. सांगा, मी तिच्याकडे कोणत्या तोंडाने पाहायचं?

पहिलं वर्ष सरत आलं तेव्हा बाई बाजारात महालिंगांना भेटून आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "आइकलांत कां? ती वाढीव गॅरंटी अजून सुरू झाली नाहीं. सुरू व्हायच्या आधीं मोडली तर थोडे कापून बाकीचे परत देतात म्हणे. मोडून टाका."

"अगे, गॅरंटी म्हणजे ताईत," जयतीर्थराव म्हणाले. "ताईत काढला म्हणजे काय होतें, ठाऊक आहे ना?"

"ताईत यंत्राला. आणि वीणेला?"

"तिला मी शब्द दिला आहे."

बाई आत गेल्या आणि उडीद भिजत घातले. मी काय करणार? मला एकच बटण. ते दुसऱ्याने दाबायचं.

तशी माझी बडदास्त चांगली होती. गल्लीत माझं पीठ वाखाणलं जाई. जयतीर्थराव रोज मला कोरड्या फडक्याने पुसत. कुणी माझ्यात ओलं खोबरं टाकलं तर ओरडत, "हळू! पैसे परत यायचे आहेत!" मी कधी जरासा गरम झालो की त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त तापे.

आणि दरवर्षी यायची आयुधपूजा. नवरात्रात एक दिवस कामाची सगळी हत्यारं विसावा घेतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्या घरी विळी, कात्री, जयतीर्थरावांचा तराजू, पोथ्या, वीणा आणि मी, असे सगळे देवापुढे बसत असू. पण बसण्याआधी आंघोळ. घरातली समई आणि तांब्या ज्या चिंचेने उजळत, त्याच चिंचेने माझी पितळी पट्टीही उजळे. जयतीर्थराव सोवळ्याने बसून स्वतः घासत. पितळ दिसलं की चिंच लावायची, हा त्यांच्या घराचा नेम. वर चंदनाचा जाड थर आणि मधोमध कुंकू.

पहिल्या वर्षी मला बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी गुदगुल्या झाल्या. तिसऱ्या वर्षी माझ्या आठाचा डावा काठ गेला आणि तो तीन झाला. त्यानंतर काही काळ मी कुणातरी दुसऱ्याच ग्राइंडरचं आयुष्य जगलो. माझी बोंब ऐकायला कुणी नव्हतं. बटण दाबलं की मी एकच शब्द बोलतो, घर्रर्र.

पाच वर्षं पुरी झाली ती नव्वदच्या नवरात्रात. यंत्र बघायला कंपनीचा माणूस येणार होता. शुभ दिवस म्हणून जयतीर्थरावांनी विजयादशमीच मागून घेतली. पाहुण्यासमोर मी नीट दिसावा म्हणून आदल्या दिवशी त्यांनी दुप्पट चिंच घेतली. मित्रांनो, त्या सकाळपर्यंत माझ्या पट्टीवर चार आणि सात अंधूक का होईना, शिल्लक होते.

कंपनीचे चंद्रमौली महालिंगांबरोबर आले. त्यांनी मला चालू केलं, बंद केलं, कान लावला. "सार, यंत्र उत्तम आहे. एकही दुरुस्ती नाही. पैसे नक्की मिळतील. फक्त नंबर गॅरंटी कार्डाशी ताडून बघतो. कुठे आहे?"

"चंदनाखालीं," जयतीर्थराव कौतुकाने म्हणाले.

चंद्रमौलींनी रुमालाने चंदन पुसलं, वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. पट्टीत त्यांना स्वतःची मिशी दिसत होती. बाकी काही नव्हतं.

"नंबर गेला कुठे?"

"होता," महालिंग म्हणाले. "मीच विकलाय. हा तोच आहे हो."

"तोच असेल. पण पाच वर्षं वापरलेला ग्राइंडर इतका नवा दिसतो का? मी वरिष्ठांना काय लिहू? तोच आहे, पण कोण आहे ते माहीत नाही?"

चार, सात, एक, आठ! मला माझा नंबर तोंडपाठ होता. अजूनही आहे. कार्डावरचा तो नंबर माझाच, हे त्या खोलीत खात्रीने जाणणारा मी एकटा होतो, आणि माझं बटण बंद होतं.

जयतीर्थराव खाली बसले. आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत म्हणाले, "मींच पुसला. देवासाठीं म्हणून."

"देवाला चकचकीत दिसला," बाई म्हणाल्या. "कंपनीला नाहीं दिसला. उठा. पाहुण्यांना कॉफी द्यायची आहे."

चंद्रमौली भले गृहस्थ होते. कॉफी पिताना त्यांनी दोनदा हळहळ व्यक्त केली. कंपनीकडे मात्र हळहळीचा रकाना नव्हता.

विजयादशमीला आदल्या दिवशी पूजलेल्या प्रत्येक वस्तूला थोडं तरी काम द्यावं लागतं. पाहुणे गेल्यावर पोथीचं एक पान वाचून झालं. बाईंनी गवसणी काढली आणि वीणेची एक तार छेडली. तार पडद्यावर खरखरली. त्यांनी गवसणी पुन्हा चढवली, मूठभर उडीद माझ्यात टाकले आणि बटण दाबलं.

मी घरघरू लागलो. बाई थांबल्या. माझ्या त्या एकसुरी घरघरीला त्यांनी हलकेच आपला षड्ज लावून पाहिला. लागला. मग लग्नाआधी शिकलेलं काहीतरी त्या गाऊ लागल्या. जयतीर्थराव दारात उभे राहिले. आत यायचं धाडस त्यांना झालं नाही.

तेव्हापासून माझं हेच काम आहे. उडीद थोडे आणि गाणं फार. मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्रांना जपा, पुसा, पण त्यांचं नाव जिथे लिहिलं असेल तिथे हात हलका ठेवा. आणि कुणी पैसे परत देतो म्हणाला, तर कशावरून देणार ते त्याच दिवशी विचारून ठेवा.

संध्याकाळी आमच्या गल्लीत व्होल्टेज उतरतं. माझा सूर खाली जातो. मला तो सावरता येत नाही. शेजारी वीणा गप्प असते. बाई माझ्याबरोबर आपला आवाज खाली आणतात, आणि गात राहतात.