सिंतरबाबाचा घोडा

पालमच्या बाजाराच्या मैदानात बायाबाप्यांची ही लांब रांग लागली होती आणि रांगेच्या टोकाला देव नव्हता, पांढरा घोडा होता. जो तो त्याच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजत होता. हाकेच्या अंतरावर मांडवात सिंतरबाबा बसला होता. लाल झगा, उंच टोपी, छातीभर पांढरी दाढी.

"बालकांनो, मी हॉलंडचा! माझा घोडा छपरावरून चालतो. इच्छा त्याच्या कानात सांगा, दारातल्या चपलेत त्याला गाजर ठेवा. सकाळी इच्छा चपलेत!"

आणि मिळायचं हो! कुणाला रिबीन, कुणाला काजळाची डबी. गल्लीतल्या पंडितनं गाय मागितली, तर चपलेत मातीची गाय. तरी तो म्हणाला, "बगा, ऐकलं तर खरं!" रिबिनीच्या बदल्यात बाबाच्या पेटीत अंगठ्या पडत होत्या.

महादेवाच्या देवळात नंदीच्या कानात गाऱ्हाणं सांगायची आपली जुनी सवय. नंदीच्या जागी घोडा आला, कुणाला काही वाटलंच नाही. मी आयुष्यात भानामती पाहिली, तोंडातून शिवलिंग काढणारा पाहिला. म्हणून मला हसू येत होतं. शेजारच्या रुख्मिणीनं ते घालवलं.

तिच्या वैष्णवीला लहानपणापासून साखरेचा आजार. रोज इन्सुलिन लागतं. पोरीनं घोड्याला लाल बांगड्या मागितल्या, मिळाल्या. बाबा म्हणाला, "आता सुया बंद. आजार चपलेत उतरंल." दोन दिवस सुई नाही. आता रांगेत पोर आईच्या खांद्यावर मान टाकून सारखं पाणी मागत होती.

शाळेच्या संघप्रिया मॅडम विनवत होत्या, "रुख्मिणीताई, रिक्षा उभी आहे, दवाखान्यात चला."

"सुई टोचली तर घोडा कोपंल, मॅडम. बांगड्या मी डोळ्यानं बगितल्या!"

"मग मलाबी बगू दे," म्हणत मी रांग मोडून पुढं घुसले.

"तानुमावशी, नंबरनं या की!"

"माझा नंबर वर लागायलाय बाई, मला घाई हाय."

घोड्याच्या कानाशी वाकून मी हळूच म्हणाले, "बाबाच्या झग्यात इंचू शिरलाय. ह्यो मोठा, काळा."

मांडवात बाबा ताडकन उडाला. "अरे मेलो!" झगा डोक्यावरून काढला तशी दाढी झग्याबरोबर निघाली. आत बनियन, कानात मोबाइलवरचं ऐकायचं काळं बोंडूक. ते बघून मॅडमनी घोड्याची घुंगरमाळ सोडली. आत चालू मोबाइल!

"इथं सांगितलेलं तिथं ऐकू येतं," मॅडम मोठ्यानं म्हणाल्या. "वस्तू याचे चेले पहाटे ठेवून जातात."

रुख्मिणी पूर्ण ऐकायलाही थांबली नाही. पोरीला घेऊन रिक्षाकडं धावली. दवाखान्यात सलाइन आणि इन्सुलिन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी वैष्णवीनं डोळे नीट उघडले आणि वरणभात मागितला.

मॅडमनी मला नंतर सांगितलं, हॉलंडात असा लाल झग्याचा म्हातारा खरंच असतो, पण गोष्टीत. बुटात खाऊ आईबापच ठेवतात, आणि पोरं मोठी झाली की हसत सांगून टाकतात. आपल्याकडं केस पिकले तरी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो उलटापालटा करून बघा. आणि डॉक्टरनं दिलेलं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका, सांगणारा हॉलंडचा असो की पालमचा.