श्रावणची रुई

आमच्या ह्यांची जीभ ‘नाही’ म्हणायला वळतच नाही. फुलसावंगीच्या बाजारात आमचं गाद्यांचं दुकान आहे, आणि आल्यागेल्याला ह्यांचं एकच उत्तर, होऊन जाईल. तयार गाद्या पाहिजेत? होऊन जातील. घरची रुई पिंजून गादी भरायची आहे? तेही होऊन जाईल. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं काय होतं ते मी लग्न झाल्यापासून सांगते आहे, आणि अय्यूब लग्न झाल्यापासून नुसते हसत आले आहेत.

माझे सासरे होते तोवर दुकानाला शिस्त होती. उजव्या भिंतीला तयार माल, डाव्या भिंतीला उंच फळी. गिऱ्हाइकाच्या घरून आलेली रुई त्या फळीवर, त्याच्याच फडक्यात बांधून ठेवायची. पिंजायच्या आधी मशीन झाडून पुसून घ्यायचं, म्हणजे दुसऱ्याच्या रुईचा धागासुद्धा तिच्यात जाऊ नये. तयार माल पोट भरतो आणि फळीवरची अमानत इज्जत राखते, असं ते म्हणायचे.

गेल्या लग्नसराईच्या तोंडावर रुखमाबाई असंच एक गाठोडं घेऊन आली. तिचा नवरा श्रावण पोळ्याच्या सुमारास काविळीनं गेला होता आणि पोरगी रुपालीचं लग्न ठरलं होतं. गाठोडं श्रावणच्या धोतरात बांधलेलं होतं. रुपाली जन्मली तेव्हापासून तो दरवर्षी पहिल्या वेचणीतला ओटीभर कापूस बाजूला काढायचा. तो कधी विकला नाही की जिनिंगला घातला नाही. संध्याकाळी ओसरीत बसून एकेका बोंडातली सरकी हातानं काढायचा, आणि पोरगी मोठी झाल्यावर तीही शेजारी बसायची. एवढ्या वर्षांची रुई, जरा पिवळी पडलेली, पण एका गादीला पुरेल इतकी.

रुखमाबाई ह्यांना म्हणाली, “भाऊ, पोरीच्या लग्नाले बाप नाही. हा कापूस तेवढा तिच्या संग जाईल. यात दुसऱ्याचा कापूस नका मिसळू.”

ह्यांनी ते गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं आणि बिस्मिल्ला म्हणून फळीवर ठेवलं. मी समोरच टाके घालत बसले होते.

मग उमरखेडच्या एका मंगल कार्यालयाची तयार गाद्यांची मागणी आली, तीही तातडीची. होऊन जाईल, हे म्हणाले. मी बहिणीकडे, नाहिदकडे, पुसदला गेले होते. यवतमाळहून येणारी रुईची गाडी आली नाही, आणि शेवटच्या गाद्यांना माल कमी पडला. मी परत आले तोवर गाद्या उमरखेडला गेल्या होत्या. फळीवर धोतराची व्यवस्थित घडी घालून ठेवलेली होती.

मी विचारलं तर हे शांतपणे म्हणाले की उद्या गाडी येते आहे, बाईला उलट चांगली, पांढरी रुई भरून देऊ, तिची तर पिवळी होती. “कापूसच तर आहे, शहनाज.”

माझा नवरा चोर नाही, हे मी कुठेही सांगेन. पण ज्याचा जन्म रुईत गेला त्याला रुईत रुईच दिसते, लांब धाग्याची की आखूड, सुकी की ओली. ती कोणाची, हे त्या घाईत ह्यांना दिसलंच नाही. मी रुखमाबाईचे शब्द जसेच्या तसे पुन्हा म्हणून दाखवले, तसतसा ह्यांचा चेहरा उतरत गेला.

जेवण तसंच टाकून हे गाडीवरून उमरखेडला गेले. तिथली प्रत्येक गादी दाबून पाहिली. पण मशीनमधून सगळी रुई एकत्र निघालेली, पिठात पडलेलं मीठ कोणी वेचून काढावं? परत आले ते पायरीवर बसून रडले. सासऱ्यांच्या जनाज्यानंतर मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

खरं सांगून टाकायचं, असं आम्ही ठरवलं. पण लग्न जवळ आलं होतं, पोरीला गादी तर हवीच होती. ह्यांनी असलेल्यातली सगळ्यात चांगली रुई काढली. मशीन सासऱ्यांसारखं झाडून पुसून घेतलं, कोणासाठी ते अल्ला जाणे. मी दाट टाके घातले. धूळ बसू नये म्हणून तयार गादी त्याच धोतरात बांधून ठेवली.

माय-लेकी गादी न्यायला आल्या. हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, एक गोष्ट सांगायची होती.”

तेवढ्यात रुपालीनं गाठ सोडली आणि गादीवर गाल टेकला. बाप गेला तेव्हा ही पोरगी रडली नव्हती, त्यावरून सोयऱ्यांनी तिला नावंही ठेवली होती.

“आई, बाबाचा वास येऊन राह्यला,” ती म्हणाली, आणि हंबरडा फोडून रडली.

वास धोतराचा होता. रुखमाबाईनं लेकीला पोटाशी धरलं, दोघी रडत राहिल्या. बऱ्याच वेळानं डोळे पुसत तिनं विचारलं, “काय म्हणत होते, भाऊ?”

“काही नाही,” हे म्हणाले. “मालिक पोरीले सुखी ठेवो.”

मीही गप्प बसले. माझी जीभ कात्रीसारखी चालते म्हणतात, ती त्या दिवशी नेमकी कुठे गेली होती कोण जाणे.

लग्न झालं. रुखमाबाईनं गावोगाव आमचं नाव केलं, की घरची रुई द्यायची तर अय्यूबभाऊलाच द्या. लोक गाठोडी घेऊन येऊ लागले आणि हे प्रत्येकाला नाही म्हणू लागले. तयार गादी घ्या, नाहीतर पुसदला जा. एवढी वर्षं मी जे मागत होते ते मला मिळालं, आणि ते मला बघवत नाही.

परवा रुखमाबाई पुन्हा आली. श्रावणच्या दुपट्ट्यात त्याची उशी बांधलेली होती. उशीतली रुई पिंजून तिला ती स्वतःसाठी पुन्हा भरून हवी होती. ह्यांनी मशीन बिघडल्याचं खोटंच सांगितलं.

“मंग असू द्या इथंच, घाई कायले?” ती म्हणाली. “घरी उंदरं हायेत. तुमच्यापाशी जितकी जपून राह्यते, तितकी माह्यापाशी नाही राहत.”

तिनं स्वतःच स्टुलावर चढून ते गाठोडं रिकाम्या फळीवर ठेवलं आणि निघून गेली. हे उजव्या भिंतीला पाठ लावून फळीकडे बघत उभे राहिले.

आता लग्नसराई आली आहे, तयार गाद्या संपत आल्या आहेत, आणि हे काही मशीन सुरू करत नाहीत. मी विचारलं तर म्हणतात, मशीन चाललं की रुई उडते, त्या गाठोड्यावर बसेल.