दोर सोडला तो सोमवार

"आता म्या जे सांगणार हाय, ते कुणी खरं मानायचं न्हाई." गेनबानं बशीतला चहा फुर्र करून संपवला आणि बशी खाली ठेवली. "मानू बी नगा. म्या सोत्ता तिथं हुतो, तरी मला अजून पटत न्हाई."

"तुमचं कधी कुणी खरं मानलंय, नाना?" बाळाबाई म्हणाली. पण हसली नाही.

हसण्यासारखी सकाळच नव्हती तिची. हिर्डोशीच्या वरच्या वाडीत, तिच्या अंगणात, रविवार असून भोरहून शेफाली आली होती. शेफाली एका संस्थेत कामाला. ज्यांची समज जरा सावकाश चालते, ज्यांना एखादी गोष्ट शिकायला वेळ लागतो, अशांना चारचौघांत, चारचौघांसारखी नोकरी मिळवून द्यायची आणि ती अंगवळणी पडेपर्यंत पाठीशी राहायचं, हा तिचा उद्योग. भोरच्या एसटी स्टँडमागं कुंडलिकशेठची मोठी लाँड्री आहे. वेल्ह्याकडं गडांखाली आणि इकडं धरणाकाठी जेवढी म्हणून रिसॉर्टं झाली, त्यांच्या चादरी टेम्पोनं तिथं येतात. आता तिथं नवं मशीन आलं होतं आणि घड्या घालायला आणखी एक माणूस हवं होतं. शेफालीनं बाळाबाईच्या मुलाचं, कुमारचं नाव सुचवलं होतं. सोमवारपासून यायचं, इतरांना जो पगार तोच त्याला.

कुमार चांगला सव्विशीतला गडी. बोलायचा थोडं, पण सरपणाची मोळी रचायला बसला की भिंत बांधल्यासारखी रचायचा. नोकरी उद्यापासून, तरी तो आजच ठेवणीतला सदरा घालून, बूट चढवून तयार होता. आणि बाळाबाईनं शेफालीला आत्ताच 'नको' म्हणून सांगून टाकलं होतं.

"गाडीत कुणी हसलं त्याला, तर? उतरायचं इसरला, तर? महाडच्या गाडीत चढला आन् घाट उतरून गेला, तर? म्या हाय तवर घालीन की त्याला दोन घास."

शेफालीनं वाद घातला नाही. तिनं फक्त शेजारच्या गेनबाला हाक मारली. त्याची नात दिपाली शेफालीच्याच मदतीनं दोन वर्षांपासून त्याच लाँड्रीत कामाला होती, म्हणून. गेनबा आला, मागोमाग दिपाली आली. दिपालीला रिकामं बसवत नसे. बाळाबाईच्या वाकळा उन्हात टाकलेल्या दिसल्या, तशी तिनं एक ओढली आणि तिचं एक टोक कुमारच्या हातात दिलं.

"धर. ताण. लई न्हाई. आता माज्याकडं चालत ये."

कुमार टोक धरून चालत आला. दोघं घड्या घालायला लागले आणि इकडं गेनबानं मांडी बदलली.

गेनबाबद्दल एक सांगितलं पाहिजे. जन्म शेरडं-मेंढरं राखण्यात गेलेला हा म्हातारा, त्याला आभार मानता येत नसत. 'उपकार झाले' असं म्हणायला गेला की जीभ टाळ्याला चिकटायची. मग ज्याचं भलं आठवायचं असेल, त्याला तो आपल्या गोष्टीत घालायचा आणि गोष्टीत त्याला मोठा करायचा. जेवढं देणं जास्त, तेवढी थाप मोठी. सगळ्या वाडीला हे ठाऊक होतं. दिपालीलाही होतं, आणि ती कधी मधे बोलत नसे.

"पैल्या दिवशी," गेनबा म्हणाला, "म्या कुंडलिकशेटला कोंबडा घिऊन गेलो. आपल्याकडं रीतच हाय ती, कुणी आपलं काम केलं की रिकाम्या हातानं जायचं न्हाई. चांगला मोठ्या तुऱ्याचा, लालभडक कोंबडा. तर शेट मला म्हणतो, 'ह्यो कशापायी?' म्हणलं, 'पोरीला ठिवून घेतली, त्यापायी.' तर भडकलाच! म्हणतो, 'मी काय धर्मशाळा काढलीय? मला चादरी घडी करून पायजेत. केल्या तर ठिवीन, न्हाई केल्या तर घरी धाडीन. ह्यात उपकार कुठं आले? न्या तो कोंबडा!'"

"असं तोंडावर बोलला?" बाळाबाईनं विचारलं.

"तोंडावर. तेवढ्यात कोंबडा सुटला हातातनं आणि गेला थेट मशीनच्या पोटात. दार लागलं. मशीन फिरलं. गरागरा, गरागरा. दार उघडलं, तर कोंबडा बाहेर आला पांढराशुभ्र! बगळ्यावानी. वर सुवास मारतोय साबणाचा."

आता बाळाबाईच्या ओठाचा कोपरा हलला. शेफालीनं मान खाली घातली. कुमार घडी थांबवून मोठ्यानं हसला, आणि दिपाली म्हणाली, "वाकळ खाली टेकली. वर धर." पांढऱ्या कोंबड्याला तिची कधीच हरकत नव्हती. तिला तो आवडायचा.

गेनबाला हुरूप आला. मग त्यानं अश्विनीला गोष्टीत आणलं. अश्विनी त्या लाँड्रीतली जुनी कामकरीण. मोठी चादर एकट्याला घडी करता येत नाही, दोन टोकांना दोन माणसं लागतात. दिपालीच्या समोरचं टोक अश्विनीचं. गेनबाच्या म्हणण्याप्रमाणे ही बाई अशी ताकदीची, की तिनं चादर झटकली की भोरच्या बाजारातल्या टोप्या उडायच्या. पण आमची दिपाली तिच्याहून वरचढ! पहिल्या दिवशी तिनं अशी काही चादर ओढली, की अश्विनी टेबलावरनं उडत येऊन तिच्या पायाशी पडली.

"खरंच पडली?"

"पडली. आणि उठून काय म्हणाली? 'अगं, बैल हाकतीस व्हय? हळू ओढ.' बास. राग न्हाई, लोभ न्हाई. दुसरी चादर उचलली." अश्विनी खरंच असं बोलली होती, ह्यात गेनबाला काही वाढवायचं सुचेना. "लई गुणाची पोर ती," तो एवढंच म्हणाला आणि घाईनं पुढं सरकला.

पुढचं तो सांगत होता तेही बरंचसं खरंच होतं. पिळणीचं मशीन घरघरायला लागलं की दिपाली कान झाकून टेबलाखाली जाऊन बसायची. मग शेफालीनं शेठशी बोलून तिची जागा मशीनपासून लांब, खिडकीपाशी करून घेतली. चादरीची सुलटी बाजू कोणती हे दिपालीला उमगत नव्हतं, म्हणून एका कोपऱ्याला लाल दोऱ्याचा टाका घातला. शेठ आधी कुरकुरला. मग त्यानं सगळ्याच चादरींना टाके घालायला लावले, कारण ते बरं पडतं असं अश्विनीही म्हणायला लागली.

"आणि तुमी काय करत हुता तवर, नाना?"

"म्या? म्या दारात बसून हुतो. रोज. शेरडं भावकीकडं टाकली आन् सकाळच्या गाडीनं तिच्यासंगं जायचो, सांजच्या गाडीनं तिच्यासंगं यायचो. जरा अडली की म्या उठलोच. चादर चुकली, म्या सरळ केली. बादली उचलली, म्या हातातनं घेतली."

"मंग! आपलं माणूस बसल्यावर उठणारच की," बाळाबाई म्हणाली.

"शेट म्हणाला, 'गेनबा, पगार कुणाला देऊ, तुमाला का नातीला?' म्या म्हणलं, 'कुणाला बी द्या, घर एकच हाय.' तर म्हणतो, 'तसं न्हाई. तुमी उठता, त्यामुळं तिला येतंय का न्हाई हे मला कळतच न्हाई. येत्या सोमवारपासून तिची ती आली आणि तिची ती गेली, तर कायम करतो. न्हाईतर तुमी बी नगा येऊ, ती बी नगं.'"

बाळाबाईनं पदर तोंडाशी धरला. हेच, हेच तिला ऐकायचं नव्हतं.

"म्या तापलो," गेनबा म्हणाला. "चला म्हणलं घरी. तर ही बया आडवी आली." त्यानं शेफालीकडं हनुवटी केली. "मला इचारती कशी, 'बाबा, नवी शेळी इकत आणल्यावर कळपात कशी मिसळवता?' मला वाटलं पोरगी भोरची, तिला काय ठावं. म्हणलं, बाई, नवी शेळी थांबत न्हाई, जुन्या धन्याकडं पळती. म्हणून एका शहाण्या शेळीच्या गळ्याला दाव्यानं जोडायची. दोघी संगं चरत्यात, संगं पाणी पित्यात. हळूहळू वाट ठावी हुती. तर म्हणाली, 'मग दोर ठेवता का तसाच?' म्या म्हणलं, 'छ्या! सोडायचा. न्हाईतर झुडपात अडकून दोघींना फास बसंल.' आणि माज्याच तोंडाकडं बघत बसली."

अंगणाच्या त्या टोकाला दिपालीनं आणि कुमारनं दुसरी वाकळ झटकली.

"मग?" बाळाबाईनं हलकेच विचारलं. "सोडली?"

इथं गेनबानं जरा अंगणाच्या त्या टोकाकडं बघितलं. त्या सोमवारची गोष्ट त्यानं वाडीबाहेर, धरणाच्या भिंतीपासून वरंधा घाटापर्यंत ज्याला त्याला सांगितली होती. फक्त दिपाली समोर असताना कधी सांगायची वेळ आली नव्हती. पण ती घडीत गुंतलेली, आणि बाळाबाई अशी डोळ्यांत प्राण आणून बघत होती. शिवाय गोष्ट रंगात आली होती.

"सोडली," तो छाती काढून म्हणाला. "एकटी. थंडीचे दिस. गाडी आली, तिला चढवली, आणि म्या पाठ फिरवली. शेरडं घिऊन सरळ रानात. मागं वळून बघितलं न्हाई."

"एकदा बी?"

"एकदा बी न्हाई! मर्दाचं काळीज. रानात बिबट्या आडवा आला. मला म्हणाला, 'गेनबा, आज तुजा चेहरा बघून मलाच भ्या वाटतंय,' आणि गेला निघून. आणि तिकडं गाडीत कंडक्टर कोण? धनाजी. माणूस न्हवं, ताडाचं झाड! टपाला डोकं लागतंय म्हणून खिडकीतनं मुंडी बाहिर काढून तिकिटं फाडतो. त्यानं भोरला अख्खी गाडी थांबवली आन् हुकूम सोडला, 'दिपालीताई उतरल्याबिगर कुणी हलायचं न्हाई!' साठ माणसं श्वास धरून बसली. पोर उतरली. स्टँड ओलांडलं. लाँड्रीच्या दारात अश्विनी चादर घिऊन उभीच हुती. सांजच्याला तशीच माघारी आली. झाली कायम! त्या दिसापासनं आजवर तिची ती जाती, तिची ती येती."

गेनबानं मांडीवर थाप मारली आणि बाळाबाईकडं पाहिलं. आता ही हो म्हणणार, असं त्याला वाटलं होतं.

बाळाबाईचा चेहरा उतरला होता.

"तुमचं काळीज दगडाचं, नाना," ती म्हणाली. "तुमाला जमलं. मला न्हाई जमायचं. म्या तर गाडीच्या मागं पळंन." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "शेफालीताई, राग मानू नका. कुमार! बूट काढ बाळा."

कुमारनं आईकडं बघितलं. मग शेफालीकडं. त्याच्या एका हातात वाकळीचं टोक होतं. तो खाली वाकला आणि दुसऱ्या हातानं नाडी ओढायला लागला, पण ते टोक काही त्यानं सोडलं नाही.

उभ्या जन्मात गेनबाची थाप अशी उलटली नव्हती. ज्यांचं ऋण फेडायला तो गोष्ट सांगत होता, त्यांना आणि त्यांच्याबरोबर स्वतःलाही त्यानं एवढं उंच करून ठेवलं, की ह्या बाईला आपला हात पोचेल असं वाटेना. "तसं न्हवं, बाळाबाई," तो चाचरला. "म्हंजी बिबट्या तसा लहानच हुता—"

"खोटं."

दिपाली म्हणाली होती. वाकळ ताणलेली, दोन्ही मुठी घट्ट, आणि नजर आजोबावर.

"बिबट्याचं व्हय?" गेनबा घाईनं म्हणाला. "बिबट्याचं सोड गं—"

"बिबट्या ऱ्हाऊ द्या. कोंबडा बी ऱ्हाऊ द्या. रानाचं खोटं हाय, आबा. तुमी रानात न्हवता गेला. तुमी गाडीत मागच्या शिटावर हुता, डोक्यावरनं घोंगडं घिऊन. भोरपतुर रडत हुता. समद्यांना ऐकू येत हुतं. धनाजीमामा म्हणला, 'दिपाली, एक तिकीट ना?' म्या म्हणलं, 'दोन. एक माजं, एक त्या घोंगड्याचं.' तो म्हणला, 'घोंगड्याला फुल का हाफ?' म्या म्हणलं, 'हाफ. म्हातारं हाय.'" ती कुमारकडं वळली. "नाडी बांध. वाकळ सोडू नगं." आणि मग बाळाबाईला म्हणाली, "मावशी, उद्या तुमचं तिकीट बी म्याच काढते. मागं बसा, पायजे तेवढं रडा. पन घोंगडं नगा आणू. लई वास मारतंय."