रंगखान्यातली रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन, काळा आणि चांगला वजनदार. कान आणि तोंड एकाच मुठीत मिळालेला माझ्यासारखा दुसरा कोणी नसेल. माणसे एकमेकांना सांगतात ते मी ऐकले आणि सांगायचे टाळतात तेही ऐकले. त्यातली एकच गोष्ट तुम्हाला सांगणार आहे. बाकीच्या चहाड्या माझ्याबरोबरच जातील.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा तपासणाऱ्या बाईने मला कानाला लावून “हा जिवंत आहे,” असे म्हटले होते. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक. मग खोक्यात बसून मी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या उत्तरेला, टेकड्यांमधल्या एका गालिच्यांच्या गिरणीत आलो आणि ऑफिसात लोरीनबाईंच्या टेबलावर बसलो. गिरणीत सगळे त्यांना मिस लोरीन म्हणत, मालकसुद्धा; तिकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने असेच म्हणतात. माझ्या पोटावर दोन दिवे होते. बाहेरचा फोन आला की एक लागायचा आणि गिरणीतल्याच रंगखान्यातून आला की दुसरा.

रंगखान्यात लोरीनबाईंचा नवरा थर्मन कामाला होता. गालिच्याचे सूत तिथे उकळत्या रंगाच्या हौदांत शिजे आणि हौदांना वाफ देणाऱ्या नळाची चावी त्याच्या हातात असे. घरी न्याहारीला तो चकार शब्द काढत नाही, असे लोरीनबाई हसत सांगायच्या. पण रोज सकाळी हौद तापले की माझा दुसरा दिवा लागायचा. “वाफ चढली, लोरीन,” तो म्हणायचा. “बरं, थर्मन,” त्या म्हणायच्या आणि मला ठेवून द्यायच्या. ठेवताना त्या मला किंचित थोपटत. ते थोपटणे माझ्यासाठी नव्हते हे मला कळत होते, तरी बरे वाटायचे.

महिन्याच्या अखेरीला पहिला दिवा लागायचा तो अटलांटाहून. तिथल्या सरकारी पाहणी कचेरीत ओफीलिया नावाची बाई होती. देशभरातल्या निवडक मालकांना असेच फोन जात. गिरणीत माणसे किती, आज रिकाम्या जागा किती, महिन्यात किती नवी लागली, किती सुटली. सुटलेला कसा सुटला तेही सांगावे लागे. आपण होऊन सोडून गेला, मालकाने काढला, की इतर कारण? निवृत्ती, बदली, मरण, सगळे ‘इतर’मध्ये. मरणाला ‘इतर’ म्हणणाऱ्या लोकांची मला गंमत वाटायची.

एप्रिलमधल्या एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर थर्मनचे हृदय थांबले. शेजारणींनी झाकलेल्या भांड्यांतून जेवण पोहोचवले, टेकडीवर त्याला पुरले, आणि लोरीनबाई पुन्हा कामावर आल्या. पहिल्याच सकाळी, नेहमीच्या वेळेला, माझा दुसरा दिवा लागला.

मित्रांनो, त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला माझाच एक भाऊ रंगखान्याच्या भिंतीवर टांगलेला होता. त्याचा रिसीव्हर जागचा हललेला नव्हता. कोणी उचलला असता तर मला कळले असते, आम्हाला ते कळतेच. तरीही तार जोडलेली होती आणि तिच्यातून वाफेचा लांब सुस्कारा येत होता. लोरीनबाई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, “बरं, थर्मन.” आणि मला थोपटले. टेलिफोनला काटा येत नाही म्हणतात, पण त्या सकाळी तो मला आला.

त्या महिन्याच्या अखेरीला ओफीलियाचा फोन आला. तिला यातले काहीच माहीत नव्हते. सगळी उत्तरे झाल्यावर ती अडखळली. “मिस लोरीन, मागच्या महिन्यापेक्षा तुमचा एक माणूस कमी दिसतोय. एक जागाही रिकामी म्हणताय. आणि सुटलेल्यांत मात्र कोणीच नाही. मग तो गेला कुठं?”

“कुठंही गेला नाही,” लोरीनबाई म्हणाल्या.

ओफीलियाने दोनदा समजावले, पण त्या ढिम्म हलल्या नाहीत. शेवटी तिने तसेच लिहून घेतले. त्या दिवसापासून आमच्या गिरणीचा एक माणूस कुठल्याच हिशेबात बसेना. तो कामावरही नव्हता आणि सुटलाही नव्हता.

जागा भरण्यासाठी फाटकावर पाटी लागली, माणसे आली आणि टिकली नाहीत. सकाळी आत पाऊल टाकावे तो हौद आधीच तापलेले. चावी बंद करावी तर ती हळूहळू आपोआप उघडायची, आणि तिच्या दांड्यावर हाताची ऊब असायची. कोरड्या फरशीवर ओल्या बुटांचे ठसे उमटायचे. एक धिप्पाड गडी जेवणाचा डबा तिथेच टाकून पळाला तो पगार मागायलाही आला नाही. अटलांटाला दर महिन्याला तेच उत्तर जायचे: रिकामी जागा एक, नवा माणूस एक, आपण होऊन सोडून गेलेला एक. “तुमच्या त्या जागेला कोणाची दृष्ट लागलीय का हो?” ओफीलियाने एकदा थट्टेने विचारले. लोरीनबाईंनी पुढचा प्रश्न विचारायला सांगितले.

खरे सांगायचे तर त्यांना ती जागा भरायचीच नव्हती. रोज सकाळी दिवा लागे, सुस्कारा येई, त्या “बरं, थर्मन” म्हणत. विधवेला याहून अधिक काय हवे असते? मीही त्यात सामील होतो. मी एकदाही बिघडलो नाही.

शेवटी मालक कंटाळले. यापुढचा माणूस पळाला तर रंगखान्याला कुलूप लावून सूत बाहेरून रंगवून घेऊ, असे त्यांनी सांगून टाकले. तेव्हा डेल्फीन आली. तिची आधीची गिरणी बंद पडली होती आणि घरी दोन मुली होत्या. ती पळाली नाही. चावी उघडली की ती बंद करायची, ठसे उमटले की फडक्याने पुसायची. महिना सरला तेव्हा शेवटच्या कामाच्या दिवशी ती ऑफिसात आली. डाव्या हाताला ओले फडके गुंडाळलेले होते आणि त्याखालची कातडी लाल झाली होती.

“मिस लोरीन, त्या जागेवर माणूस आहे.”

लोरीनबाईंनी मान वर केली नाही. थर्मनने आयुष्यात कुणाला दुखवले नाही, एवढेच त्या म्हणाल्या.

“दुखवायचं त्याच्या मनातही नाही हो. मी त्याला दिसतच नाही. त्याला वाटतं तो एकटाच आहे, म्हणून मी हौदाशी वाकलेली असतानाच वाफ सोडतो. आज हात गेला, उद्या तोंड जाईल. मी सोडून जाणार नाही. मला परवडायचं नाही. पण जागा एक आणि माणसं दोन, हे कसं चालायचं? तुम्ही त्याला सांगा. तो तुमचंच ऐकतो.”

तेवढ्यात माझा पहिला दिवा लागला. अटलांटा. लोरीनबाईंनी मला उचलले, आणि त्याच क्षणी दुसरा दिवाही लागला. सकाळ तर केव्हाच टळून गेली होती. एका कानाने मी ओफीलियाचे प्रश्न ऐकत होतो आणि दुसऱ्या तारेवर सुस्कारा चालला होता, आज नेहमीपेक्षा जवळ, अगदी तोंडाशी.

“आपण होऊन सोडून गेलेले?” “कोणी नाही.” “काढलेले?” “कोणी नाही.” “इतर कारणानं?”

लोरीनबाईंच्या बोटांनी मला इतके आवळले की माझी जुनी पाठ करकरली. डेल्फीन दारातच उभी होती, हात छातीशी धरून. लोरीनबाईंनी तिच्या हाताकडे पाहिले.

“एक.”

“निवृत्ती, की...”

“मेला,” लोरीनबाई म्हणाल्या. हा शब्द त्यांनी एप्रिलपासून एकदाही उच्चारला नव्हता. “माझा नवरा. थर्मन. मेला तो.”

पलीकडून ओफीलिया हळूच म्हणाली, “मिस लोरीन, मला विचारावं लागतं. याच महिन्यात का?”

“मेला एप्रिलात. मी जाऊ दिला तो आज.”

दुसऱ्या तारेवरचा सुस्कारा थांबला. मग रिसीव्हर हुकावर ठेवल्याचा खट् असा आवाज आला. ज्या रिसीव्हरला कोणी हातच लावला नव्हता, तो कोणीतरी अलगद ठेवून दिला. दिवा विझला.

“नियमात बसत नाही,” ओफीलिया म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. “शेरा लिहून ठेवते. देव तुम्हाला धीर देवो. आणि रिकाम्या जागा?”

“एकही नाही. रंगखान्यात बाई आहे.”

मला ठेवून त्यांनी टेबलावर डोके टेकले आणि त्या रडल्या. डेल्फीन तो भाजलेला हात त्यांच्या पाठीवर ठेवून उभी राहिली.

दुसऱ्या सकाळी दिवा लागला तेव्हा लोरीनबाईंनी मला उचलायला उशीर केला. “वाफ चढली, मिस लोरीन,” डेल्फीन म्हणाली. “बरं,” त्या म्हणाल्या, आणि मला नुसतेच ठेवून दिले. थोपटले नाही. त्यानंतर कधीच नाही.

पुढे लोरीनबाई निवृत्त झाल्या. पाहणीची उत्तरे संगणकावरून जाऊ लागली. एका माणसाने माझी तार कापली आणि मला कोठारातल्या फळीवर ठेवले. तो वाईट नव्हता, पण तो माझ्याशी काहीच बोलला नाही.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. माणूस असो की वस्तू, ज्याचे काम संपले त्याला एकदा हातात धरा, त्याच्यावरची धूळ पुसा आणि ‘तुझे काम झाले’ असे मोठ्याने सांगा. नाही सांगितले तर आम्हाला थांबता येत नाही. कोठारात काम करणारे अलीकडे माझ्या फळीकडे यायला घाबरतात. दर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी मी वाजतो म्हणे.