तळपायातली टाचणी

सकाळपासून एकोणीस शर्टांना इस्त्री झाली होती. विसाव्याची कॉलर सरळ करताना थोरल्या सुनेने दात आवळले. स्वतःच्याच बाहीचं कापड उजव्या दंडावरून सरकलं तरी हातभर आग होत होती. खाली लाँड्री, वर राहतं घर. कण्हायची सोय नव्हती, कारण सासूबाईंचे कान भलतेच तिखट होते.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, मल्टिपल स्क्लेरोसिस. "वायरवरचं आवरण झिजतं ना, तसं तुमच्या नसांचं झालंय. कुठे नुसता स्पर्श भाजेल, कुठे भाजलेलं कळणारच नाही. दोन्ही खरंच असतं. औषधं मात्र लवकर सुरू करा, उशीर करून गमावलेलं परत येईलच असं नाही."

रिपोर्ट घरी आला आणि कपाटावरच्या सुटकेसमध्ये गेला, कारण नणंदेचं लग्न ठरत होतं.

"औषधं लग्नानंतर," सासूबाईंनी निकाल दिला. "आत्ता दवाखान्याच्या खेपा घातल्या की चार लोक विचारणार. नसांचा आजार आहे म्हटल्यावर आपल्या पोरीला कोण करून घेईल?"

सून दुसऱ्या घरातून आलेली, नणंदेच्या रक्ताशी तिचा काडीचा संबंध नाही, हे त्या घरात कुणाच्याही डोक्यात आलं नाही. अब्रूचा प्रश्न आला की चांगली शिकलेली माणसंही अशी अडाणी होतात. मला या अडाणीपणाचा संताप येतो.

"चादर लागली तर रडते आणि तवा लागला तर कळत नाही म्हणते," सासूबाई लेकाला ऐकवत. "काहीतरी एक ठरव म्हणावं." लेक मान खाली घालून गिऱ्हाइकांची तुटकी बटणं शिवत बसे.

त्या दुपारी नणंदेसाठी ठरत असलेल्या मुलाची आई न कळवताच दुकानात आली. शाळेत शिकवणारी, नजर बारीक. बोलता बोलता तिने मायेने सुनेच्या दंडावर हात ठेवला. सून चटका बसल्यासारखी मागे सरली.

"जरा नाजूक आहे आमची," सासूबाई घाईने हसल्या. "बस गं, काही नाही झालेलं."

सून बसली नाही. पाय बधिर झाले होते, म्हणून तोल सावरायला तिने न बघताच डावा हात इस्त्रीच्या टेबलावर टेकला. बोलणं पुन्हा साड्यांकडे वळलं. मग कसलासा करपल्याचा वास आला. चहा घेऊन खाली आलेल्या नणंदेने वळून पाहिलं. वहिनीचा तळवा तापल्या इस्त्रीला चिकटला होता आणि वहिनी शांतपणे पाहुण्यांकडे बघत होती.

नणंदेने तो हात ओढून काढला. सुनेच्या नवऱ्याने धावत जाऊन बटण बंद केलं.

"आई, हेही नाटक का?" नणंद म्हणाली. ती वर गेली, रिपोर्ट घेऊन आली आणि पाहुण्यांसमोर ठेवला. "माझ्या लग्नासाठी वहिनीची औषधं अडलीत. असं लग्न मला नको."

"आईला खरंच वाटायचं ती सोंग करते," नवरा पुटपुटला.

सासूबाई त्या तळव्याकडे बघत होत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं. एकदा दुपारी ती झोपली होती तेव्हा मी तिच्या तळपायात टाचणी टोचून पाहिली. रक्त आलं. ती हललीसुद्धा नाही."

सुनेला तो दिवस आठवला. मोज्यावर डाग दिसला होता. दुकानात टाचण्या पडलेल्याच असतात, आपणच पाहून चालायला हवं होतं, असं म्हणून तिने तो मोजा धुऊन टाकला होता.

"लग्नाचं मागाहून बोलू," मुलाची आई म्हणाली. "आधी हात गार पाण्याखाली धरा."

सासूबाईंनी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. "कुठे धरू?" त्यांनी विचारलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

"उजवा दंड सोडून कुठेही. पण घट्ट," सून म्हणाली. "आणि पाण्याखालून थेट दवाखान्यात. आज मी वर जाणार नाही."

त्या घराला एवढा साधा प्रश्न सुचायला एक तळवा भाजावा लागला. वाचणाऱ्यांनो, आपल्या कपाटावरच्या सुटकेसमध्ये कुणाचा कागद पडलाय, ते आज एकदा पाहून घ्या.