परतीचा आहेर

वाचकहो, दमलेला माणूस कसा दिसतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बहुतेकांच्या घरात एक तरी असतो, आणि नसलाच तर आरशात असतो. आमचे डॉ. रिफात त्यातलेच. नाईलच्या मुखाकडे, मत्स्यतळ्यांच्या मुलुखात एक कृषी महाविद्यालय आहे. त्याचं नाव घेऊन कुणाचा राग ओढवून घेत नाही. तिथे ते मत्स्यशास्त्र शिकवत. सकाळी दसूक गावातल्या घरून मायक्रोबसमध्ये अंग चोरून यायचं, वर्गात मावत नाहीत इतक्या मुलांपुढे घसा कोरडा करायचा, दुपारी एका खासगी संस्थेत तेच व्याख्यान पुन्हा द्यायचं, आणि घरी पोचावं तर सोफ्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हक्काच्या पाहुण्यासारखे ठाण मांडून बसलेले. मुलीचं नाव नदा, म्हणून बायको सुहेर त्यांना रीतीप्रमाणे अबू नदा, म्हणजे नदाचे बाबा, म्हणायची. "अबू नदा, कधीतरी माणसांनाही बसायला जागा करा," असं ती रोज सांगे आणि गठ्ठे काही हलत नसत.

यातून सुटायचा एकच रस्ता होता, पूर्ण प्राध्यापकपद. ते मिळालं की पगार वाढून दुपारची ती फरफट थांबणार होती. बढती समितीपुढे शोधनिबंध ठेवावे लागतात. रिफातचे बाकी सगळे छापून झाले होते, एकच महाविद्यालयाच्या त्रैमासिकात अडकला होता. तो आला तर या खेपेला नाव समितीपुढे जाणार; नाहीतर पुढची खेप, आणि ती कधी लागेल हे समितीलाही ठाऊक नसतं.

आता छापण्याची रीत ऐका. निबंध आला की संपादक त्यावरचं नाव काढून तो त्याच विषयातल्या जाणकारांकडे पाठवतात. त्यांनी तो नीट वाचायचा, चुका दाखवायच्या, छापावा की नाही ते सांगायचं. याला परीक्षण म्हणतात. याचा मोबदला नाही, कौतुक नाही, आणि ज्याचं काम तुम्ही तपासता त्याला तुमचं नावही कळू नये अशी अपेक्षा असते. पण आमच्याकडे परीक्षकांची नावं लेखकानेच सुचवायची सोय आहे. मग काय व्हायचं? जे लग्नात होतं तेच. तुम्ही आमच्या मांडवात आहेर घातलात तर तो आमच्या आईच्या पक्का लक्षात राहतो, आणि तुमच्या मुलाच्या लग्नात तो परत गेलाच पाहिजे, नाहीतर गल्लीत तोंड दाखवायची सोय उरत नाही. लग्नात ही रीत चांगलीच आहे, तिच्यावर कितीतरी गरिबांचे संसार उभे राहिले. रिफात आणि शेजारच्या प्रांतातले त्यांचे जुने दोस्त डॉ. तलत यांनी ती निबंधांना लावली होती; दोघं परीक्षक म्हणून एकमेकांचीच नावं सुचवत.

"बाशा, तुझा निबंध आला रे माझ्याकडे," तलत फोनवर म्हणाला; दोस्तांना तो लाडाने बाशा, म्हणजे सरदार, म्हणे. "चहा निवायच्या आत 'उत्कृष्ट' लिहून मोकळा झालो."

"वाचलास तरी का?"

"माझा तू वाचला होतास?"

दोघंही हसले. रिफातच्या हसण्यात थोडी लाज होती, पण दमलेल्या माणसाजवळ लाज फार वेळ टिकत नाही.

त्याच आठवड्यात त्रैमासिकाकडून त्यांच्याकडेही एक निबंध परीक्षणाला आला. मायक्रोबसमध्ये, शेजाऱ्याचं कोपर बरगडीत रुतलेलं असताना, त्यांनी तो मोबाईलवर उघडला. उन्हाळी तळ्यांत बुल्ती, म्हणजे तिलापिया, माशांच्या कल्ल्यांना रोग पडतो, त्यावर खाद्याच्या दुकानांत एक हिरवी भुकटी मिळते. तिचे परिणाम तपासलेले होते. सारांशात लिहिणाऱ्याने 'निष्कर्ष आत दिले आहेत' एवढंच म्हटलं होतं. आत जाण्याइतका जीव रिफातमध्ये नव्हता. भुकटी सगळेच वापरतात, म्हणजे चांगलीच असणार, आणि कुणी पोराने तेच सिद्ध केलं असणार. त्यांनी आपलं एक जुनं परीक्षण काढलं, माशाचं नाव बदललं आणि लिहिलं, 'पद्धत योग्य. निष्कर्ष पटण्याजोगे. भुकटीचा फायदा निर्विवाद सिद्ध होतो. मत्स्यपालकांना शिफारस व्हावी. निबंध आहे तसा छापावा.' थांबा येण्याआधी ते पाठवूनही झालं.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित ही गोष्ट सांगावी लागली नसती. पण शुक्रवारी सासुरवाडीला जेवण होतं. सासूबाईंनी कांदा खरपूस परतून मासळीचा भात केला होता. सुहेरचा भाऊ शाबान मात्र ताटात नुसता हात फिरवत होता. त्याने भाड्याने घेतलेल्या दोन तळ्यांत मासे वर येऊन तोंड उघडत होते. त्याने विचारलं, "डॉक्टर, ती हिरवी भुकटी टाकू का? दुकानदार म्हणतो टाक. पण त्याला विकायचीय."

रिफातना बरं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना मनापासून काही विचारलं होतं.

"बिनधास्त टाक," ते म्हणाले. "परवाच एक संशोधन माझ्या हाताखालून गेलंय. फायदा सिद्ध झालाय."

शाबानचा चेहरा उजळला. "बघितलंस आई? घरात डॉक्टर असल्याचा हा फायदा," म्हणत त्याने भात दुसऱ्यांदा वाढून घेतला. ते त्याचं पोटभर जेवण रिफातना पुढे फार दिवस आठवत राहिलं.

रविवारी, म्हणजे आमच्याकडे आठवड्याच्या कामाच्या पहिल्या दिवशी, दौलत मॅडमनी बोलावलं. या त्रैमासिकाच्या संपादक. निवृत्त होऊनही रोज येत, कारण ते काम करायला दुसरं कुणी तयार नव्हतं. रिफातना कधीकाळी त्यांनीच शिकवलं होतं. आपल्याच निबंधाची खुशखबर असणार, अशा समजुतीने ते गेले. मॅडमनी पुदिन्याचा चहा मागवला, नदाची चौकशी केली आणि सहज म्हणाल्या, "बाळा, त्या भुकटीच्या निबंधाचे निष्कर्ष मला जरा समजावून सांग. मी आता म्हातारी झाले, पटकन डोक्यात शिरत नाही."

रिफात गडबडले. पण इतकी वर्षं वर्गात काढलेला माणूस, बोलता झाला. आलेख अगदी बोलके आहेत म्हणाले, दोन गटांतला फरक डोळ्यांत भरतो म्हणाले, भुकटीच्या तळ्यात मासे ठणठणीत राहिले असंही म्हणाले.

मॅडमनी छापील प्रत त्यांच्यापुढे सरकवली. "तुला पाठवला तो हाच निबंध. त्यातला आलेख दाखव."

त्यांनी पानं उलटली. प्रस्तावना होती, पद्धत होती, आणि पद्धत संपली की थेट संदर्भसूची. मधलं काही नव्हतंच! त्यांनी पुन्हा उलटली. चहाच्या पेल्यावर माशी बसली, ती हाकलायचंही त्यांना सुचलं नाही.

"नावं काढताना माझ्याकडून निष्कर्षाची पानंच गळाली," मॅडम म्हणाल्या. "चूक माझी. 'मॅडम, पानं कुठे आहेत' असा फोन येईल म्हणून वाट पाहिली, आणि आलं काय, तर तुझं 'निर्विवाद'."

रिफात पुटपुटले, की मॅडम, माझी अवस्था तुम्ही बघताच आहात, दोन ठिकाणी शिकवतो, उत्तरपत्रिका संपत नाहीत.

"बघते ना. तू आळशी नाहीस, दमलेला आहेस. मग 'मला वेळ नाही' एवढंच लिहायचं होतंस. मी दुसरं कुणी शोधलं असतं. दमलेल्या माणसालाही खरं एक वाक्य लिहिता येतं, रिफात. तू पाच लिहिलीस आणि त्यातलं एकही खरं नव्हतं."

"परत द्या मॅडम. आज बसून नीट वाचतो."

"नाही. तो आता दुसऱ्या परीक्षकाकडे पाठवलाय. ज्याने लिहिला त्याला आणखी थांबावं लागणार, थोडं माझ्यामुळे आणि बरंचसं तुझ्यामुळे." मग त्यांनी टेबलाच्या खणातून गळालेली पानं काढली. "पण यात काय आहे ते तुला कळलंच पाहिजे. त्या पोराने अगदी प्रामाणिकपणे लिहिलंय. उन्हाच्या दिवसांत भुकटी पाण्यातला प्राणवायू खाते. भुकटी घातलेल्या तळ्यांतले मासे मेले, बाळा. जवळजवळ सगळे."

रिफात ताडकन उठले. मॅडमना वाटलं ते रागावले. पण त्यांनी फोन काढून शाबानचा नंबर लावला होता.

शाबानने फोन उचलला तो खुशीत. सकाळीच एका तळ्यात टाकली, दुसऱ्याची तयारी चाललीय म्हणाला. रिफात ओरडले, "टाकू नकोस! हात लावू नकोस त्या पोत्याला!" मग पहिल्या तळ्यात ताबडतोब ताजं पाणी सोड, पंप असतील तेवढे लाव, असं त्यांनी त्याला बजावलं. पलीकडे पोतं खाली टाकल्याचा आवाज आला. मग शाबानने हळूच विचारलं, "पण डॉक्टर, सिद्ध झालं होतं ना?"

"आधी पाणी सोड," रिफात म्हणाले. फोन ठेवला तेव्हा दौलत मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं समजलं होतं. छापून येण्याआधी दुसऱ्याचं काम बाहेर सांगत फिरायचं नसतं, एवढंच त्या बोलल्या, आणि तेही हळू आवाजात.

दुसरं तळं वाचलं. पहिल्यातले मासे गेले. शाबान आणि त्याचा धाकटा भाऊ ते टोपल्यांनी काढत होते तेव्हा रिफात काठावर उभे होते, मग पँट दुमडून तेही चिखलात उतरले. शाबान त्यांना लागेल असं काही बोलला नाही. तो फक्त 'डॉक्टर' म्हणायचं टाळत होता.

सुहेरही तळ्यावर आली होती; परतताना तिने त्यांच्या पँटवरचा चिखल पुसला. मग तिने एवढंच विचारलं, "अबू नदा, तुमचा निबंध तरी कुणी वाचलाय का?"

दुसऱ्या दिवशी रिफात पुन्हा मॅडमच्या दारात उभे राहिले. आपला निबंध ज्याच्याकडे गेला तो माझा मित्र आहे, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्याचं मत बाजूला ठेवा आणि मला न ओळखणाऱ्या, कडक माणसाकडे पाठवा, असं विनवलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"समितीची तारीख चुकेल. त्या दुपारच्या नोकरीत अजून काही वर्षं काढावी लागतील."

"माहीत आहे, मॅडम."

"मग सुचवलेल्या परीक्षकांच्या त्या यादीचंही मी बघते," मॅडम म्हणाल्या. "लेखकाने नावं सुचवायची ही सोय माझ्याच काळात सुरू झाली. आम्हाला परीक्षक मिळत नव्हते. मीही दमलेच होते की."

तारीख चुकली. तलतला कळलं तेव्हा तो फोनवर भडकला. जेवून आहेर बुडवणारा म्हणाला, मांडवात तुला पाटावर बसवलं आणि तू ताटाला लाथ मारलीस म्हणाला. रिफातनी ऐकून घेतलं. पुढे तलतचा एक निबंध त्यांच्याकडे आला तो त्यांनी 'लेखक माझे मित्र आहेत, मला देऊ नये' असं लिहून परत केला. दोस्तीत त्यानंतर पहिली गोडी राहिली नाही, आणि याचं त्यांना वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

वाचकहो, परीक्षण हा आहेर नव्हे. आहेर दोन घरांमधला असतो, तो घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा. निबंध मात्र तिसऱ्याच माणसाच्या तळ्यात, शेतात, औषधाच्या बाटलीत जाऊन पोचतो आणि त्या बिचाऱ्याला आपल्या देवाणघेवाणीचा पत्ताही नसतो. तो फक्त विश्वास ठेवतो. प्रयोगशाळेत असो की कचेरीत, न वाचता केलेली आपली प्रत्येक सही त्याच्याच जिवावर असते. वेळ नसेल तर नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण वाचलं नसेल तर वाचलं म्हणू नका.

हिवाळ्याच्या सुरुवातीला रिफातच्या निबंधावर त्या अनोळखी परीक्षकाचं मत आलं. पानंच्या पानं आक्षेप. पाण्याचं तापमान कुठे दिलंय? ही आकडेवारी मजकुराशी का जुळत नाही? हा निष्कर्ष इतक्या थोड्या माशांवरून कसा काढलात? रिफात खासगी संस्थेतून नुकतेच आले होते, बूटही काढले नव्हते. गठ्ठे सरकवून सोफ्याच्या कडेला बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत गेले. चुका खऱ्या होत्या. निदान अर्ध्या तरी.

त्यांचा चेहरा बघून सुहेर स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय झालं? नाकारला?"

"नाही," रिफात म्हणाले आणि त्यांनी ती पानं तिच्यापुढे धरली. "वाचलाय गं. कुणीतरी वाचलाय."

तिने सोफ्यावरचा एक गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसली.